दहा कोटी जिवंत जिवाणू

खोटं लिहिताना हात थरथरतो म्हणतात. माझा थरथरला नाही. अक्षर नेहमीसारखंच गोल, सुबक आलं. बाटलीतल्या एका मिलिलिटर द्रावणात किती जिवंत जिवाणू आहेत, तो रकाना मी भरत होते. प्रयोगात आलं होतं शून्य. मी लिहिलं, दहा कोटी. खाली सही केली, तारीख घातली आणि कागद सरांच्या टेबलावर ठेवून जेवायला गेले. मेसमध्ये त्या दिवशी वांग्याची भाजी होती. ती मी दोनदा घेतली. हे आठवलं की आजही माझं डोकं तापतं. दोनदा घेतली!

आधीचं सांगते.

मी रेणापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. लातूरला बीएस्सी केली आणि एमएस्सीला नांदेडच्या एका कॉलेजात गेले. विषय सूक्ष्मजीवशास्त्र. घरात हा शब्द कुणाला धड म्हणता यायचा नाही. वडील पाव्हण्यांना सांगायचे, "पोरगी किड्यांचं शिकायलीय." दुसऱ्या वर्षी प्रकल्प करावा लागतो. सरांनी विचारलं, "तुमच्याकडं काय पिकतं?"

"आत्याचा कांदा असतो, सर."

"मग कांद्याच्या मुळाभोवतीच्या मातीतले जिवाणू मोज. रोप लावल्यापासून कांदा काढेपर्यंत, दर पंधरा दिवसांनी. कंटाळायचं नाही."

सरांबद्दल खोटं सांगणार नाही. पोरीला एकटीला नांदेडला ठेवायला वडील तयार नव्हते, तेव्हा त्यांनी स्वतः फोन करून अर्धा तास समजावलं होतं. शिकवायचेही चांगलं. हा माणूस मुळातच वाईट असता तर मला एवढा राग आला नसता.

माझी आत्या आमच्याच गावात दिलेली. तिचे यजमान लातूरला शाळेची बस चालवतात, रविवारी घरी येतात. शेती सगळी आत्याच बघते. विहिरीजवळ अर्धा एकर कांदा असतो तिचा. पहिल्यांदा माती आणायला गेले तेव्हा मी रोप उपटायला वाकले, तर तिनं माझा हात बाजूला केला.

"उपटू नको. मुळं खाली राहत्यात. बाजूला हो, मी खणते."

तिनं खुरप्यानं रोपाच्या चारी बाजूंनी माती मोकळी केली, ढेकळासकट रोप उचललं आणि हळूच झटकलं. सैल माती पडून गेली. मुळांना चिकटून राहिला तो मातीचा पातळ थर, आणि मला नेमका तेवढाच हवा होता. कांद्याची मुळं म्हणजे थोडे आखूड, पांढरे दोरे. ती पाणी पितात तशी आजूबाजूला थोडी साखरही सोडतात. त्या साखरेवर मातीतले जिवाणू जमतात. काही पिकाला अन्न मोकळं करून देतात, काही मूळ कुजवणाऱ्या बुरशीला जवळ येऊ देत नाहीत. हे मी आत्याला जमेल तसं सांगितलं.

"येवढ्या मातीत?" तिनं विचारलं.

"एवढ्या मातीत आपल्या अख्ख्या जिल्ह्यातल्या माणसांपेक्षा जास्त."

तिनं ती माती चिमटीत घेऊन नाकाला लावली. मग वाफ्याच्या मधल्या रिकाम्या जागेतली माती घेऊन तीही हुंगली. "हाव. मुळापाशी वास येगळाच हाय," ती म्हणाली. "ही नुसती माती हाय. आन ही जिती हाय."

जे मोजायला मला पुढं चार महिने लागले, ते तिनं उभ्याउभ्या सांगून टाकलं.

मातीच्या पिशव्या बर्फात घालून थर्माकोलच्या डब्यातून नांदेडला न्यायच्या. रेणापूरहून अहमदपूर, लोहा करत बस जायची. एकदा कंडक्टरनं विचारलं, "डब्यात काय, आइस्क्रीम का?" मी म्हटलं, "माती." तो म्हणाला, "नांदेडला माती संपली का, बाई?" आणि सगळी बस हसली. मीही हसले. त्या दिवसांत मला सगळ्याचंच हसू यायचं, इतकी मी खूश होते.

लॅबमधलं निर्जंतुक करायचं मशीन वाफ गळायचं, म्हणून मी स्वतःचा कुकर घेऊन गेले. एक ग्रॅम माती नऊ मिलिलिटर पाण्यात ढवळायची. त्यातलं एक मिलिलिटर पुढच्या नळीतल्या नऊ मिलिलिटर पाण्यात. असं करत सहा-सात नळ्या पुढं जायचं, म्हणजे गर्दी विरळ होते आणि मोजता येते. मग थेंबभर पाणी जेलीसारखं खाद्य भरलेल्या काचेच्या प्लेटवर पसरायचं आणि दोन दिवस उबेला ठेवायचं. प्रत्येक जिवंत जिवाणूच्या जागी एक ठिपका उगवतो. मेलेल्याचा उगवत नाही. एवढं साधं आहे ते. यात मत नाही, वशिला नाही. ठिपका आहे किंवा नाही.

आत्याच्या कांद्याच्या मुळाजवळ मधल्या मातीपेक्षा कितीतरी पट ठिपके यायचे. कांदा पोसायला लागला तसे ते वाढत गेले आणि पातीच्या माना पडून कांदा काढणीला आल्यावर कमी झाले. त्यात एक जात होती, तिचे ठिपके जांभळ्या दिव्याखाली पिवळट हिरवे चमकायचे. मुळाच्या कुजीला अडवणाऱ्यांतली ती जात. पहिली चमक दिसली तेव्हा मी फोटो काढून आत्याला पाठवला. तिचा लगेच फोन आला.

"हे माझ्या रानातलं हाय?"

"हाव, तुझ्याच कांद्याचं."

"बाई बाई! काजव्यावानी दिसायलंय की!" आणि पलीकडं ती कुणाला तरी दाखवत सुटली.

मे महिन्यात माझा प्रबंध लिहून झाला. सही व्हायला सरांच्या टेबलावर गेला. त्याच आठवड्यात लॅबमध्ये एका कंपनीकडून खोकं आलं. आत बारा बाटल्या, हिरवं लेबल, लेबलवर कांद्याचं चित्र. गावोगावच्या बायकांच्या गटांना त्या वाटायच्या होत्या. लावणीआधी रोपांची मुळं या द्रावणात बुडवायची, म्हणजे त्यातले जिवाणू मुळाला चिकटतील आणि कूज लागणार नाही, असं लिहिलेलं. एका मिलिलिटरमध्ये दहा कोटी जिवंत जिवाणू. जात तीच, चमकणारी. वाटण्याआधी लॅबचा कागद हवा होता.

मी उत्साहानं तपासायला घेतल्या. दोन दिवसांनी बघते तर प्लेटा कोऱ्या. वाटलं, माझंच काही चुकलं. पुन्हा नवं खाद्य बनवलं. पुन्हा कोऱ्या. तिसऱ्यांदा मी द्रावण विरळ न करता थेट बाटलीतलं पसरलं आणि शेजारच्या प्लेटवर, त्याच खाद्यावर, आत्याच्या कांद्याची उरलेली माती लावली. मातीची प्लेट ठिपक्यांनी भरून गेली. बाटलीच्या प्लेटवर बुरशीचे दोन डाग, बाकी काही नाही.

मी दोन्ही प्लेटा सरांसमोर ठेवल्या. त्यांनी कोरी प्लेट उजेडाकडे धरली, खाली ठेवली.

"गोदामात पत्र्याखाली राहिल्या असतील. या उन्हात काय टिकतंय?"

"मग दुसऱ्या मागवायच्या का, सर?"

"कंपनीला सोमवारी कागद पाहिजे. बारा बाटल्या मेल्या म्हणजे सगळा माल मेला असं होत नाही. लेबलवर आहे ते लिही."

"पण सर, आपल्याला तर शून्य…"

"तुझा प्रबंध माझ्याकडंच आहे ना?" ते म्हणाले. "आज बघून टाकतो."

आवाज तोच, मायेचा. याला धमकी म्हणा असं मी कुणाला सांगितलं तर माझंच हसू होईल. पण मला कळलं होतं आणि मला कळलंय हे त्यांनाही कळलं होतं. मी जाऊन लिहिलं, दहा कोटी. 'तपासणी करणार' याच्यापुढं माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. सरांनी स्वतः सही केलीच नाही, नुसता लॅबचा शिक्का मारला. ते माझ्या लक्षात यायला पुढं नऊ महिने लागले.

प्रबंधाला संध्याकाळी सही मिळाली. पहिला वर्ग आला. सरांनी मला त्यांच्याच लॅबमध्ये सहायक म्हणून ठेवून घेतलं. वडिलांनी गावात पेढे वाटले.

हिवाळ्यात कांद्याच्या लावणीच्या सुमाराला आत्याचा फोन आला. आवाजात नुसता आनंद.

"अगं, तुझी बाटली आलीय गावात!"

"कोणती बाटली?"

"ती मुळं बुडवायची. गटाच्या मीटिंगला एक माणूस घेऊन आलता. बायका घ्यायला तयार न्हाईत. मग त्यानं कागद दाखवला, तर खाली तुझं नाव! मी म्हणलं, अगं बायांनो, ही माझी भाची हाय, हिनं माझ्याच रानात शिक्षण केलंय. डोळे झाकून घ्या. चौदा जणींनी घेतल्या."

मी फोन घेऊन लॅबच्या बाहेर आले.

"आन तो म्हणला, दरवर्षीचं बुरशीचं औषध औंदा लावू नका, त्यानं ह्यातले जिवाणू मरत्यात. खरं हाय का ते?"

ते खरं होतं. जिवंत असते तर मेले असते. मी म्हटलं, "हाव, खरंय."

"बरं झालं बाई विचारलं. उद्या बुडवायलोत रोपं."

उद्या. म्हणजे माझ्या हातात एक अख्खा दिवस होता. 'आत्या, त्यात काही नाही, ते नुसतं पाणी आहे, नेहमीचं औषध लाव,' एवढीच दोन वाक्यं. लॅबमधलं लिहिणं भीतीनं झालं म्हणता येईल. पण त्या दिवशी मला कुणाची भीती होती? आत्याची होती. तिच्या आवाजातला तो अभिमान जाईल, याची. मी म्हटलं, "बरं, ठेवते." आणि ठेवला. पहिल्या खोट्यापेक्षा हे दुसरं मला जास्त छळतं. पहिल्याचा राग मी सरांवर काढू शकते. याचा कुणावर काढू?

फेब्रुवारीत आत्यानं फोटो पाठवला. पाती शेंड्याकडून पिवळी. खाली एकच ओळ, 'हे काय हाय गं?' मी शनिवारी गाव गाठलं.

रानात गेले, एक रोप धरलं, तर ते काही जोर न लावता हातात आलं. पांढऱ्या दोऱ्यांसारखी मुळं असायला हवी होती तिथं तपकिरी चिंध्या, आणि कांद्याच्या बुडाला पांढरी बुरशी. आत्याच्या कांद्याचा तिसरा हिस्सा गेला होता. शेजारच्या रानात एक तरुण बाई, दोन लेकरांची आई, दुसऱ्याची जमीन कसायची. तिचा सगळा फड बसला होता. ती बांधावर उभी होती. गटातली सगळ्यात लहान तीच, आणि बाटली घ्यायला सगळ्यात जास्त घाबरत होती तीही तीच. तिला आत्यानं हात धरून तयार केलं होतं.

"ताई, काय इलाज सांगता का?" तिनं मला विचारलं.

मला 'ताई' म्हणाली, तेव्हा माझं तोंड उघडलं. वाफ्यात उभी राहून मी सगळं सांगितलं. प्लेटा, शून्य, दहा कोटी, सही. हेही सांगितलं की मेलेल्या पाण्यानं कूज येत नाही. कूज मातीतच असते, एखाद्या वर्षी औषध लावूनही येते. पण औषध लावलं असतं तर कदाचित एवढी आली नसती. कदाचित. माझ्या शिक्षणात हा शब्द फार वापरतात. त्या रानात तो उच्चारताना मला शरम वाटली.

आत्या ऐकत होती. मग तिनं एकेक विचारलं.

"शून्य होतं?"

"हाव."

"आन तू दहा कोटी लिवलंस."

"हाव."

"मी फोन केला तवा तुला म्हाईत होतं."

"हाव, आत्या."

तिनं हातातलं खुरपं जमिनीत मारलं, पार मुठीपर्यंत. "मी तुझं नाव घेऊन चौदा घरं फिरले गं. चौदा!" मग शेजारणीकडं वळून म्हणाली, "बाई, चूक माझी हाय. मी तुला घ्यायला लावलं." शेजारीण माझ्याकडं बघत होती. ते बघणं मला अजून दिसतं.

सोमवारी पहाटेच्या बसनं आत्या, ती शेजारीण आणि मी नांदेडला निघालो. आत्याच्या पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेला एक निरोगी कांदा, एक कुजका, आणि एक न फोडलेली बाटली. वाटेत लोह्याला उतरून तिनं शेजारणीला चहा पाजला, मला विचारलंही नाही.

सर आम्हाला बघून उठले. "या, बसा बसा. आत्या ना तुम्ही? हिच्या प्रबंधात तुमच्या शेताचा उल्लेख आहे."

"उल्लेख ऱ्हाऊ द्या," आत्या म्हणाली आणि बाटली टेबलावर ठेवली. "ह्यात काय हाय?"

"जिवाणू आहेत, बाई. फार उपयोगी असतात."

"भाची म्हणायलीय, काहीच न्हाई."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मग आत्याला समजावायच्या सुरात म्हणाले, "असं आहे, बाई, जिवाणू डोळ्यांनी दिसत नाहीत. हे तुमच्या लक्षात यायचं नाही."

"दिसत न्हाईत म्हणूनच तुमच्यावर सोपवलं ना! दिसले असते तर आमचे आमीच मोजले असते."

सर माझ्याकडं बोट करून म्हणाले, "तपासणी हिची आहे. सही हिची आहे. मी फक्त शिक्का दिला." तेव्हा, नऊ महिन्यांनी, मला कळलं की त्या कागदावर त्यांची सही का नव्हती. मायेचा माणूस! पोरींना पुढं आणणारा माणूस! पुढं आणलं ते असं, की दगड आला तर आधी पोरीला लागावा.

"सर, सही माझीच आहे," मी म्हटलं. "आता पुन्हा तपासते, यांच्यासमोर."

"माझ्या परवानगीशिवाय लॅब वापरता येणार नाही."

"मग थांबवा," मी म्हटलं. माझा आवाज इतका चढला होता की शेजारच्या वर्गातली शिकवणी थांबली आणि मुली दारात गोळा झाल्या. त्यांच्यासमोर सरांनी मला थांबवलं नाही. बॅग उचलून ते निघून गेले आणि पुढचे दोन दिवस रजेवर राहिले.

मी प्लेटा लावल्या. बाटली आत्यानं स्वतः फोडली. निरोगी कांद्याच्या मुळावरची माती शेजारणीनं स्वतःच्या हातानं नळीत घातली. दोन दिवस त्या माझ्या खोलीवर राहिल्या. शेजारीण सारखी घरी फोन करून लेकरांची चौकशी करायची. आत्या माझ्याच गॅसवर स्वयंपाक करायची, ताट माझ्यापुढं सरकवायची, पण बोलायची नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही प्लेटा काढल्या. जांभळा दिवा लावायच्या डब्याला एक छोटी खिडकी असते, तिला एकेकीनं डोळा लावायचा. आधी बाटलीची प्लेट ठेवली. दोघींनी पाहिलं. काही नाही. मग मातीची ठेवली.

शेजारीण बराच वेळ खिडकीला डोळा लावून होती. "हे आमच्या मातीत हायत?" तिनं विचारलं.

"हाव. आपल्या गावच्या कांद्याच्या मुळाशी. फुकट."

"आन आमाला बाटलीतून काय दिलं?"

"पाणी."

ती उभी राहिली आणि रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. तिनं मला एक शिवी घातली, इथं लिहिण्यासारखी नाही, आणि मग सरांच्या बंद केबिनच्या दाराकडं बघून तीच त्यांनाही घातली. आत्यानं तिला अडवलं नाही.

पुढं काय झालं तेही सांगते, कारण अशा गोष्टीत शेवटी न्याय मिळतो असं लोकांना वाटतं. लॅबनं एक पत्र काढलं, की सहायिकेच्या निष्काळजीपणामुळं चुकीचा अहवाल दिला गेला, सबब तो रद्द. सहायिकेला काढलं. सर आहेत तिथंच आहेत. मागच्या वर्षी मातीच्या आरोग्यावर त्यांचं भाषण झालं, गळ्यात हार घातलेला फोटो मला कुणीतरी पाठवला. मी फोन भिंतीवर मारला, नवीन घ्यावा लागला.

तक्रार करायची म्हणून मी लातूरला एका कार्यालयात गेले. अर्जात लिहिलं होतं, मी स्वतः खोटा आकडा लिहिला, बाटल्या मेलेल्या होत्या, वाटप थांबवा. कारकुनानं अर्ज वाचला, चष्मा काढला.

"ताई, तक्रार कुणाविरुद्ध हाय?"

"माझ्या आणि त्या लॅबच्या आणि कंपनीच्या."

"सोताविरुद्ध कसं करता? अर्जदार आन ज्याच्याविरुद्ध अर्ज, हे दोन रकाने येगळे असतेत. एकच नाव दोन्हीकडं लिवता येत न्हाई."

"का नाही येत?"

"आजवर कुणी लिवलंच न्हाई," तो म्हणाला. चेष्टा करत नव्हता, खरंच अडला होता. शेवटी त्यानं अर्ज घेतला. पाच वेळा खेटे घातल्यावर आमच्या तालुक्यातलं वाटप थांबल्याचं तोंडी कळलं. पुढच्याच हिवाळ्यात किनवटकडच्या एका वसतिगृह शाळेत शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीनं फोटो पाठवला. तीच बाटली, झाकण तेच, लेबल निळं. खाली दुसऱ्या कुठल्या लॅबचा कागद, दुसऱ्या कुठल्या पोरीचं नाव. त्या पोरीचा नंबर शोधून मी फोन केला. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, माझी तोंडी परीक्षा आहे पुढच्या आठवड्यात." आणि ठेवला. मी तिच्यावर चिडले. मग मेसमधली ती वांग्याची भाजी आठवली.

आता मी लातूरला एका रोगनिदान लॅबमध्ये काम करते. माणसांच्या लघवीतले, रक्तातले जिवाणू मोजते. तिथं शून्य आलं की लोक खूश होतात.

आत्या माझ्याशी वर्षभर बोलली नाही. घरच्या लग्नात समोर आली, सगळ्यांच्या पाया पडायचं म्हणून मी वाकले, तर पाय मागं घेतले. मग मागच्या हिवाळ्यात अचानक फोन. ना कशी आहेस, ना काही. "आयतवारी ये. तुझ्या त्या काचा घेऊन ये. बायका म्हणायल्यात, आपल्या मातीत किती हायत ते बघायचंय."

मी गेले, चौदाही रानांतल्या मुळांची माती आणली. खोलीवर कुकर होताच. पुढच्या रविवारी उगवलेल्या प्लेटा घेऊन गटाच्या बैठकीला गेले. बायका अंगणात बसल्या होत्या. मी प्लेटा मांडल्या आणि कुणाच्या मातीत किती, ते सांगायला लागले. शेजारीण खांबाला टेकून उभी होती, बसली नव्हती. मध्येच म्हणाली, "थांबा. तुमी म्हणताव ते खरं कशावरून?"

अंगणातल्या सगळ्या बायकांनी माझ्याकडं पाहिलं. आत्यानंही.

"आता तुमी जे सांगताल ते तपासायचं कुणी?" तिनं विचारलं.

मी तिची प्लेट उचलून तिच्या हातात दिली आणि माझा पेन दिला. म्हटलं, "उलटी धर. काचेवर एकेका ठिपक्यावर खूण करत जा. चमकणारे बिमकणारे सोड, सगळे मोज." ती पायरीवर बसली. सातवीपर्यंत शिकलेली आहे. ओठ हलवत, सावकाश, प्रत्येक ठिपक्यावर टिंब देत ती मोजत राहिली. तिचं धाकटं लेकरू पाठीवर लोंबकळत होतं, त्याला तिनं कोपरानं बाजूला केलं. सगळ्या बायका वाट बघत बसल्या.

"एकशे बारा," ती म्हणाली.

माझ्या वहीत एकशे नऊ होते. मी वही तिच्यापुढं धरली.

"मग पुन्ना मोजा," ती म्हणाली.

मी सगळ्यांसमोर, मोठ्यानं, एकापासून पुन्हा मोजलं. कडेला, काचेच्या अगदी काठाला चिकटून तीन बारीक ठिपके होते. माझ्या नजरेतून सुटले होते. मी वहीतला आकडा खोडला आणि एकशे बारा लिहिले.